वडाच्या कुंडीतला झेंडू

"हे काय उगवलंय इथं?" पंचाक्षरीनं विचारलं. त्याच्या एका हातात चिमटा होता आणि दुसऱ्या हातानं त्यानं वडाची कुंडी उजेडाकडे फिरवली होती.

नागम्मा, त्याची आई, स्वयंपाकघराच्या दारात बसून शेंगा फोडत होती. चटणी करायची होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "झेंडू हाय की. कळी धरलीय त्यानं. सोमवारपर्यंत उमलतंय बघ."

"झेंडू आहे ते मलाही दिसतंय, अव्वा. वडाच्या कुंडीत कसा आला, ते विचारतोय."

"देवाच्या पाण्यावर आलाय. आपण कुठं लावलाय?"

वड जेमतेम वीतभर उंचीचा होता, पण खोड मनगटाएवढं जाड आणि दोन पारंब्या मातीला टेकलेल्या. नवी पेठेत ज्या साडीच्या दुकानात पंचाक्षरीचा जन्म गेला, त्याच्या मागच्या भिंतीच्या भेगेत हे रोप उगवलं होतं. मालकानं उपटून टाकायला सांगितलं आणि यानं ते रुमालात गुंडाळून घरी आणलं. त्याला आता वीसेक वर्षं झाली. दुकानात दिवसभर साड्या उलगडायच्या, गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की घडी घालून पुन्हा कप्प्यात ठेवायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन झाडांच्या फांद्यांना तार गुंडाळत बसायचं. लग्न राहून गेलं होतं. का राहिलं, याचं ठोस कारण घरात कुणालाच सांगता आलं नसतं. बहिणीचं आधी, मग घराचं, असं करता करता वय निघून गेलं. जे काही आपलं म्हणून दाखवता येईल, ते हॉलच्या खिडकीशी मांडणीवर ओळीनं ठेवलेल्या या बोन्सायच्या उथळ कुंड्यांतच होतं.

आणि त्या कुंड्यांत रोज सकाळी नागम्मा देवाचं पाणी ओतत असे.

तिचंही चुकत नव्हतं. देव्हाऱ्यातल्या पिंडीला आणि बाकीच्या देवांना घातलेलं पाणी, त्यात पडलेल्या अक्षता, तीळ, बेलाचे तुकडे, कालच्या झेंडूच्या पाकळ्या, हे सगळं जिथं पाय धुतात त्या मोरीत कसं सोडायचं? जुन्या घरी परसात तुळस होती, पारिजातक होता. या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये परसाच्या जागी शेजाऱ्याचं बाथरूम होतं. महादेवाचं पाणी वडाला घालायचं म्हणून बायका कुठं कुठं चालत जातात, इथं तर वड आपल्या पायांनी हॉलमध्ये आलेला. तिला ते सोयीचंच वाटलं. शिवाय ती पंक्तिप्रपंच करणारी नव्हती. वडाला थोडं, पिंपरीला थोडं, जेडला थोडं असं सगळ्यांना वाटून घालायची.

मग जे व्हायचं ते व्हायचं. गालिच्यासारखं जपलेलं शेवाळ कुजायचं. नैवेद्याच्या साखरेला मुंग्या लागायच्या. आंबुशी तर सगळीकडेच यायची, तिला देवाचं पाणी लागत नाही. पण त्याबरोबर तीळ उगवायचे, जोंधळ्याचं एखादं पातं वर यायचं, घोळ पसरायची. रविवारी सकाळी पंचाक्षरी चिमट्यानं ते सगळं वेचून काढी आणि नागम्मा बाजूला बसून हळहळत राही. "ती घोळ तरी ठेव रे, डाळीत घालते," असं एकदा तिनं खरंच म्हटलं होतं.

गेल्या वर्षी फुलझाडांच्या प्रदर्शनात परीक्षक बाईंनी नेमकं वडाच्या बुंध्याशी बोट ठेवून विचारलं होतं, "काका, यात भाजीपण घेता का?" बाजूची माणसं हसली होती. त्या हसण्याचा काटा वर्षभर त्याच्या मनात राहिला. उद्या पुन्हा प्रदर्शन होतं.

त्यानं चिमटा ठेवला, झेंडू बोटांनी बुडाशी धरला आणि मुळासकट उपटला. मुळांबरोबर शेवाळाचा एक तुकडाही निघाला, तेव्हा तो जास्तच चिडला.

"अरे, परवा सोमवार हाय," नागम्मा म्हणाली. "दोन दिवस थांबला असतास की."

"उद्या प्रदर्शन आहे, अव्वा. आणि आता एक सांगतो ते ऐक. उद्यापासून ते पाणी कुंड्यांत घालायचं नाही."

"मग कुटं घालू?"

"मोरीत ओत. नाहीतर खाली कडुलिंब आहे गेटापाशी, त्याला नेऊन घाल. तुझं तू बघ."

ती शेंगांची टरफलं पदरात गोळा करून उठली. उठताना तिनं नेहमीप्रमाणे दाराची चौकट धरली आणि गुडघ्यावर हात दाबला. ते त्यानं पाहिलं. ती मोरीत ओतणार नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. हे सगळं माहीत असून तो बोलला, आणि बोललेलं त्यानं परत घेतलं नाही.

प्रदर्शनात वडाला दुसरा नंबर मिळाला. त्याच परीक्षक बाईंनी या वेळी "स्वच्छ काम आहे" असं म्हटलं. पंचाक्षरीनं प्रशस्तिपत्र घरी आणून आईला दाखवलं. तिनं ते देवापुढं ठेवलं, त्याच्या हातावर साखर ठेवली आणि "चांगलं झालं बघ," असं दोनदा म्हणाली. तिच्या मनात अढी नव्हती. असती तर पंचाक्षरीला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

त्यानंतर रोज सकाळी तो झाडांवर पाण्याचा फवारा मारत असताना दार उघडल्याचा आवाज येई. मग जिन्यावरून नागम्माचे अनवाणी पाय उतरत. देवाचं पाणी म्हणून ती पायांत काही घालत नसे. एक पाय टेकायचा, दुसरा त्याच पायरीवर आणायचा, मग थांबायचं. वर येताना तिचा श्वास आधी ऐकू येई आणि ती मागून येई. "आण, मी नेतो," एवढंच म्हणायचं होतं. पण दुकानाची घाई असायची, हातात फवारा असायचा, आणि खरं सांगायचं तर कुंड्या स्वच्छ राहत होत्या. शेवाळ पुन्हा धरू लागलं होतं. त्या उतरत्या पावलांचा आवाज ऐकताना त्याला बरं वाटायचं. पुढं त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

आई पडली ती गुरुवारी. तळमजल्यावर राहणारा बसू अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होता. तो सायकल बाहेर काढत होता, तोच जिन्यात धप्प आवाज झाला. त्यानं वर येऊन पंचाक्षरीचं दार वाजवलं.

"काका, आजी पडल्या खाली. लवकर या."

पंचाक्षरी धावत खाली गेला तर नागम्मा खालच्या पायऱ्यांवर तिरकी पडली होती. चेहरा पांढरा पडला होता. तांब्या तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलेला होता आणि त्यात अजून निम्मं पाणी होतं.

"तांब्या द्यायला तयार न्हाईत बघा," बसू म्हणाला. "एका हातानं कठडा धरला असता तर पडल्या नसत्या. देवाचं पाणी एका हातानं न्यायचं नसतंय म्हणं. लुगडं पायात आलं आन्..."

"ते पाणी झाडाला घाल आधी," नागम्मा मुलाला म्हणाली. "मग मला उचला."

त्यानं घातलं. गेटापर्यंत जाऊन कडुलिंबाच्या बुंध्याशी पाणी ओतून परत येईपर्यंत ती कण्हली नाही. मग बसूनं रिक्षा आणली आणि रिक्षात चढवताना मात्र ती ओरडली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दुपारी अक्कलकोटहून त्याची बहीण महेश्वरी आली. पंचाक्षरीपेक्षा ती आठ वर्षांनी लहान, पण घरात धाक तिचाच. आल्या आल्या तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला आणि भावाकडे वळून विचारलं, "अण्णा, ही एवढ्या सकाळी खाली कशाला गेली होती?"

पंचाक्षरीनं तोंड उघडलं. काय सांगायचं हे त्यानं ठरवलेलं होतं, निदान त्याला तसं वाटलं. पण त्याच्या आधी खाटेवरून नागम्मा बोलली.

"कोथिंबीरवाली ओरडत होती. ताजी दिसली म्हणून गेले."

"कोथिंबिरीसाठी?" महेश्वरीचा आवाज चढला. "अव्वा, ऐंशीला आलीस. वरून पिशवी सोडता येत नव्हती? जिभेसाठी जीव घालवायला निघालीस की."

"चुकलं बाई," नागम्मा म्हणाली. "आता न्हाई जायची."

गळ्यात इष्टलिंग बांधून जन्मभर खोटं न बोललेली ती बाई. लहानपणी पंचाक्षरीनं शाळेत पाटी फुटली म्हणून थाप मारली होती, तेव्हा तिनं त्याला दिवसभर जेवायला वाढलं नव्हतं. तीच आज पडल्या पडल्या थाप मारत होती आणि लेकीची बोलणी खात होती. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, त्याला नजर चुकवायची वेळ येऊ नये म्हणून. तो पाय अवघडल्यासारखा उभा राहिला आणि मग औषधं आणायला म्हणून बाहेर गेला. औषधं आधीच आणलेली होती.

ऑपरेशन नीट झालं. घरी आणल्यावर तिची खाट हॉलमध्येच टाकली, खिडकीजवळ, झाडांच्या मांडणीला लागून. दुसरी जागाच नव्हती. महेश्वरी राहायला आली. तिच्या घरी सून होती, त्यामुळे तिला राहता येत होतं. वॉकर धरून दोन पावलं टाकायला अजून बराच अवकाश आहे असं डॉक्टर म्हणाले होते.

पूजा पंचाक्षरीकडे आली. गळ्यातल्या लिंगाची पूजा नागम्मा उशीला टेकून स्वतःच करी आणि ते तीर्थ घेई. पण देव्हारा त्याला करावा लागला. पहिल्या दिवशी त्यानं देवांना आंघोळ घातली, बेल वाहिला, झेंडू वाहिला, आणि पाणी तांब्यात घेऊन उभा राहिला.

"हे कुठं घालू, अव्वा?"

नागम्मानं डोळे मिटलेले होते. ती म्हणाली, "मोरीत ओत."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मोरीत?"

"व्हय की. तू कुटं खाली जातोस, दुकानाला उशीर होतोय तुला. आणि कुंड्यांत बेडा, नको. तुझी झाडं खराब होतेत." मग तिनं स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं, "देवाला कळतंय सगळं. तो काय रागावत न्हाई."

तो मोरीपर्यंत गेला. नळ सोडला, पाण्याचा आवाज होऊ दिला. मग तांब्या घेऊन परत आला आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती तेवढ्यात त्यानं सगळं पाणी वडाच्या कुंडीत ओतलं. पाकळ्या, अक्षता, तीळ, सगळं. आपण आईपासून लपवून देवाचं पाणी झाडाला घालतोय, याची त्याला लाज वाटली. रोज तेच करू लागला तरी ती लाज कमी झाली नाही.

शेवाळ आधी काळं पडलं. मुंग्या आल्या. खालची काही पानं पिवळी होऊन गळली, तरी त्यानं पाणी बंद केलं नाही. मग एके दिवशी दुकानातून आल्यावर त्याला बुंध्याशी, दोन पारंब्यांच्या मध्ये, लांबट दोन पानांचं काहीतरी दिसलं. शेजारी आणखी एक. पाचसहा दिवसांत त्यांना कातरलेली पानं फुटली आणि बोटांत चुरडल्यावर तो ओळखीचा उग्र वास आला. झेंडूच होता.

त्याला एवढा आनंद कुठल्याच बक्षिसाचा झाला नव्हता. खाटेवरून आईला मांडणीचा वरचा कप्पा दिसत नसे. तो काहीच बोलला नाही. कळी येऊ द्यायची, उमलू द्यायची, आणि एका सोमवारी कुंडी उचलून तिच्या मांडीवर ठेवायची, असं त्यानं ठरवलं. तेव्हा जे बोलायचं ते आपोआप बोलता येईल. दुकानात साड्या दाखवताना त्याच्या मनात तेच असे. एका गिऱ्हाइकानं हिरवी मागितलेली असताना यानं सलग तीन पिवळ्या उलगडून दाखवल्या, तेव्हा मालकानं विचारलं, "पंचाक्षरी, बरं आहे ना?"

कळी आली. हिरवी, गच्च मिटलेली, करंगळीच्या नखाएवढी.

शनिवारी संध्याकाळी तो घरी आला तर महेश्वरी जिन्यातच भेटली. ती कचऱ्याची बादली घेऊन खाली निघाली होती आणि खुशीत दिसत होती.

"अण्णा, तुझी झाडं एकदम स्वच्छ करून ठेवलीत आज. बघ जाऊन. केवढं रान माजलं होतं, त्या वडाच्या कुंडीत तर झेंडू बिंडू काय काय. अव्वानं सांगितलं, अण्णाला गवत खपत नाही, आता त्याला वेळ मिळत नसंल, तू काढ. मी एकेक कुंडी खाली घेऊन तिला दाखवली, ती पडल्या पडल्या सांगत होती, हे काढ, ते काढ, मूळ ठेवू नको म्हणून."

त्यानं बादलीत पाहिलं. कांद्याच्या सालींवर आंबुशीचा पुंजका पडला होता आणि त्यात झेंडू होता, कळीसकट, मुळं वर केलेला. त्यानं हात घालून तो उचलला. मुळं सुकली होती आणि मान पडली होती.

"अव्वानं काढायला सांगितला हा?"

"तीच म्हणाली. का? लावला होतास का तू?"

पंचाक्षरी पायरीवर बसला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, हातात जेवणाचा डबा, जिन्यात बसून राहिलेला. महेश्वरी घाबरली. छातीत वगैरे दुखतंय का, असं विचारू लागली.

"ती कोथिंबिरीला गेली नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"अव्वा. त्या दिवशी. देवाचं पाणी घेऊन खाली गेली होती. कुंड्यांत घालू नको म्हणून मी सांगितलं होतं. मोरीत ओत नाहीतर खाली ने, असं म्हणालो. ती मोरीत ओतणार नाही, हे मला ठाऊक होतं. रोज उतरायची. मी रोज ऐकायचो, महेश्वरी. आत उभा राहून ऐकायचो. ती पडली ती माझ्यामुळं."

महेश्वरीनं बादली खाली ठेवली. तिचा चेहरा लाल झाला आणि पंचाक्षरीला वाटलं, आता ही बोलेल, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं बोलेल. त्याला ते हवंच होतं. कुणीतरी एकदा तोंडावर बोलायला हवं होतं.

"मी तिला कोथिंबिरीवरून काय काय बोलले," ती म्हणाली. "इतके दिवस. येईल जाईल त्याला सांगत बसले तिच्यासमोर. आणि तू ऐकत होतास."

"हो."

"लाज नाही वाटली तुला?"

"वाटली. तरी बोललो नाही."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. पंचाक्षरी उठला आणि म्हणाला, "चल, तिच्यासमोर सांगतो आता. पाया पडून सांगतो."

"नको," महेश्वरी म्हणाली.

"का?"

"मला काही सांगितलंस हे कळू देऊ नकोस तिला." ती पदरानं डोळे पुसत होती, पण आवाज रागाचाच होता. "ती आयुष्यात एकदा खोटं बोलली, तुझ्यासाठी. लेकरानं चूक केली ती आपण झाकली, कुणाला दिसू दिली नाही, एवढंच समाधान हाय तिला त्या खाटेवर. आता तू जाऊन ते उघडं करणार, म्हणजे तुझं मन हलकं होणार. आणि ती काय, तेवढंही गमावणार? तुझं तुझ्यापाशी ठेव, अण्णा. मी बोलून घेईन तुला, पण इथं नाही."

ती बादली उचलून खाली गेली. पंचाक्षरीनं झेंडू शर्टाच्या खिशात घातला आणि वर आला.

हॉलमधला दिवा लागलेला होता. वडाची कुंडी आरशासारखी लख्ख दिसत होती. माती हातानं थापून सारखी केलेली, कुठं एक काडी नाही. परीक्षक बाईंना फार आवडली असती. नागम्मा उशीला टेकून बसली होती आणि त्याच्या येण्याची वाटच बघत होती.

"बघितलास का?" तिनं विचारलं. "सगळं काढून घेतलंय तिच्याकडनं. आता पुढच्या वर्षी पहिला नंबर येतोय की न्हाई बघ."

"छान झालंय, अव्वा," तो म्हणाला.

"हिकडं ये."

तो खाटेच्या काठावर बसला. तिनं दाराकडे एकदा पाहिलं, महेश्वरी अजून वर आली नाही याची खात्री केली आणि त्याच्या मनगटाला धरून जवळ ओढलं. आवाज अगदी लहान केला.

"ही पोरगी आज परत खोदून खोदून विचारत होती. तू खाली कशी गेलीस, अण्णा घरात असताना तुला सोडलं कसं, म्हणून. मी ताकास तूर लागू दिली न्हाई. कोथिंबीरच म्हणलं." तिच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू आलं. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. "तिला काय बी ठाऊक न्हाई. तू मनाला लावून घेऊ नको. रोज निम्मं जेवून उठतोस, मला दिसत न्हाई व्हय?"

पंचाक्षरीनं मान हलवली.

"मग आज दोन भाकरी खायच्या," ती म्हणाली.

"खातो," तो म्हणाला, आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचं ताट वाढून तिला दिसेल अशा जागी येऊन बसला.